एका फोटोचं तारण

शेरलॉक होम्सवर लिहायचा तुम्हांला अधिकार काय, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. मी बँकेत कारकून आहे. पोलिसांचा आणि वकिलांचा संशयाशी संबंध येतो तो कुणाचं काही बरंवाईट झालं तर. आमचा रोज सकाळी दहाला येतो. समोरचा माणूस तोच आहे का, सही त्याचीच आहे का, नोट खरी आहे का, आणि हे सगळं खरं असेल तर तो इतका गोड का बोलतोय, हे चार प्रश्न मनात ठेवून ‘या, काय काम काढलंत?’ असं म्हणता येणं याला बँकिंग म्हणतात. हे बी. कॉम.ला शिकवत नाहीत. तिथं डेबिट कुठल्या बाजूला आणि क्रेडिट कुठल्या बाजूला एवढंच शिकवतात. माणूस कुठल्या बाजूला आहे ते काउंटरवर बसल्यावर कळतं.

शिवाय होम्स आपल्याला तसा परका नाही. त्याचा मित्र डॉक्टर वॉटसन लष्करी डॉक्टर म्हणून विलायतेहून निघाला, तो बोटीतून उतरला आपल्या मुंबईलाच. तिथून तो अफगाणिस्तानात गेला, १८८० साली मैवंदच्या लढाईत त्याला गोळी लागली आणि तो लंडनला परतला. (ही गोळी पहिल्या कादंबरीत खांद्याला लागलेली आहे आणि दुसरीत पायाला. आमच्याकडे असं मेडिकल सर्टिफिकेट आलं असतं तर रजा नामंजूर झाली असती.) पुढं भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला, आणि तेवढ्यानं ज्यांचं भागलं नाही त्यांची भूक बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय आणि झुंजार यांनी भागवली. त्यामुळे बेकर स्ट्रीट ही गिरगावातलीच एखादी गल्ली असून तिथं धुकं जरा जास्त पडतं, एवढाच काय तो फरक, अशी आमच्या घरात समजूत आहे.

तर अशा या होम्सला एका बाईनं हरवलं. आणि हरवलं ते कधी? म्हातारपणी, नजर अधू झाल्यावर नव्हे. १८८७ आणि १८९० साली होम्सच्या दोन कादंबऱ्या येऊन गेल्यावर कॉनन डॉयलनं ‘स्ट्रँड’ मासिकासाठी छोट्या गोष्टी लिहायला घेतल्या. त्यातली अगदी पहिली गोष्ट १८९१ च्या जुलैत आली, आणि त्या पहिल्याच गोष्टीत त्यानं आपल्या नायकाला हरवून टाकलं! आमच्याकडे नवीन लागलेला पोरगासुद्धा प्रोबेशन संपेपर्यंत कॅश चुकू देत नाही. ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ हे त्या गोष्टीचं नाव. मराठीत ‘बोहेमियातली भानगड’ म्हणावं. ‘स्कँडल’ला ‘भानगड’ इतका नेमका शब्द दुसऱ्या कुठल्याही भाषेत नसेल.

गोष्टीची सुरुवात २० मार्च १८८८ च्या रात्री होते. लग्न होऊन वेगळा राहायला गेलेला वॉटसन बऱ्याच दिवसांनी जुन्या खोलीवर येतो. होम्स त्याच्याकडे एक नजर टाकतो आणि सांगतो, की तुझं वजन साडेसात पौंड वाढलंय, तू हल्लीच पावसात भिजला होतास आणि तुझ्या घरची मोलकरीण वेंधळी आहे. वॉटसन थक्क होतो. मग होम्स त्याला विचारतो, की या जिन्यानं तू शेकडो वेळा आलास-गेलास, तर पायऱ्या किती ते सांग. वॉटसनला सांगता येत नाही. होम्स सांगतो, सतरा. तू नुसतं पाहतोस, मी निरखतो, असा त्याचा मुद्दा.

हा उतारा वाचून मला स्फुरण चढलं. मी पुस्तक पालथं घातलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं प्रश्न टाकला,

“अगं, आपल्या जिन्याला पायऱ्या किती, सांग बघू?”

“अठ्ठेचाळीस,” आतून आवाज आला. “दुसऱ्या मजल्यावरची तिसरी फुटलीय. का हो?”

“तू मोजल्यास कधी?”

“मोजायच्या कशाला? दळणाचा डबा घेऊन वर यावं, आपोआप मोजल्या जातात.”

मी पुस्तक सरळ केलं. निरीक्षणशक्तीचा आणि दळणाच्या डब्याचा संबंध होम्सला कुणी सांगितला नव्हता. त्याचं दळण मिसेस हडसन आणत असावी.

असो. तर त्या रात्री होम्सकडे एक गिऱ्हाईक येतं. उंची साडेसहा फूट, अंगावर फरचा भपका, आणि तोंडाला चक्क मुखवटा. नाव सांगतो ते खोटं, हुद्दा सांगतो तो खोटा. केवायसीच्या दृष्टीनं याच्याइतकं वाईट गिऱ्हाईक जगात झालं नसेल. पण हा मनुष्य म्हणजे खुद्द बोहेमियाचा राजा आहे हे होम्स क्षणात ओळखतो, आणि मग मुखवटा भिरकावून देऊन महाराज आपली भानगड सांगू लागतात. (खऱ्या इतिहासात त्या वेळी बोहेमिया ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या ताब्यात होता आणि असा कुणी राजा नव्हता. पण राजा खोटा असला तरी भानगड खरी वाटते, हे लेखकाचं कौशल्य.)

भानगड अशी. पाच वर्षांपूर्वी, युवराज असताना, वॉर्सामध्ये यांची ओळख आयरीन ॲडलर नावाच्या गायिकेशी झाली. बाई अमेरिकेतल्या न्यू जर्सीची, जन्म १८५८ चा, मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात गायलेली, वॉर्साच्या ऑपेराची मुख्य गायिका. आता ती निवृत्त होऊन लंडनला राहते. महाराजांचं लग्न ठरलंय एका राजकन्येशी, सासरची मंडळी सोवळी. आणि ॲडलरबाई म्हणते आहे, की सोमवारी वाङ्‌निश्चय जाहीर झाला की एक चीज सासरी पाठवीन.

आता होम्स चौकशी करतो ती अशी, की आमच्या कर्ज विभागातल्या साहेबांनी शिकवणी लावावी. गुपचूप लग्नबिग्न झालंय का? नाही. कायदेशीर कागद? नाही. पत्रं आहेत? मग अक्षर बनावट म्हणता येईल. कागद तुमचा खाजगी? चोरीला गेला म्हणा. शिक्का? नकली म्हणा. तुमचा फोटो? तो बाजारात विकत मिळतो. इथपर्यंत महाराजांची बाजू भक्कम. मग महाराज हळूच सांगतात, की फोटोत आम्ही दोघं आहोत.

इथं होम्सचा चेहरा पडतो. माझाही पडला. कारण काउंटरवर बसणाऱ्याला याचा अर्थ चटकन कळतो. हे जॉइंट अकाउंट आहे! त्यात एकट्याची सही चालत नाही. एक जण नाही म्हणाला तरी दुसरा पासबुक घेऊन उभाच असतो.

या फोटोसाठी महाराजांनी आधी काय काय केलं होतं ते ऐका. दोनदा चोर पाठवून घर उलथंपालथं केलं. एकदा प्रवासात तिचं सामानच भलतीकडे वळवलं. दोनदा तिला वाटेत गाठून झडती घेतली. एकूण पाच प्रयत्न, पाचही फुकट. आणि हा गृहस्थ होम्सला सांगतो, की ही बाई मोठी कठोर हो! पाच वेळा स्वतः दरवडे घालायचे आणि ज्याच्यावर घातले त्याला कठोर म्हणायचं. कर्ज बुडवणारा माणूस वसुलीला आलेल्या शिपायाला ‘काय माणुसकी आहे की नाही’ म्हणतो ना, त्यातलाच प्रकार.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर तो फोटो म्हणजे तारण होतं. या माणसानं आपल्याशी निर्दयपणानं अन्याय केला, असं पुढं तिनं स्वतःच पत्रात लिहिलंय. म्हणजे देणं राहिलेलं होतं. देणं न फेडता तारण परत मागणारी माणसं आम्ही रोज पाहतो. फरक एवढाच, की आमच्याकडे ती मॅनेजरच्या ओळखीची चिठ्ठी आणतात. याला राज्य होतं म्हणून यानं होम्सला आणलं.

होम्सनं काम घेतलं. महाराजांनी टेबलावर तीनशे पौंड सोन्यात आणि सातशे पौंड नोटांत ठेवले. आणि इथं होम्सनं जे केलं त्यामुळे तो माझ्या मनात कायमचा वर गेला. त्यानं वहीतलं एक पान घेतलं आणि पावती लिहून दिली! सगळ्या रहस्यकथा पालथ्या घाला, गिऱ्हाइकाला हातोहात पावती देणारा गुप्तहेर विरळा. अर्नाळकरांच्या झुंजारनं कधी कुणाला पावती दिल्याचं मला आठवत नाही.

पण पावतीत चोख असलेला हा माणूस फाइलमध्ये चुकला. होम्सकडे नामांकित माणसांच्या माहितीच्या नोंदवह्या होत्या. त्यात ॲडलरबाईची नोंद होती. वॉटसननं ती काढून दिली, होम्सनं ती मोठ्यानं वाचली. कॉन्ट्राल्टो, म्हणजे बायकांमधला सगळ्यांत खालच्या पट्टीतला आवाज. ऑपेराची मुख्य गायिका. वाचली आणि वही मिटली. आता युरोपातल्या ऑपेरात तरुण सरदारांच्या आणि सेनापतींच्या कितीतरी भूमिका कॉन्ट्राल्टो बायकाच करीत आल्या आहेत. तुमान आणि तलवार हा त्यांचा नेहमीचा सरंजाम. आपल्याकडे उलटी गंमत. ज्या १८८८ सालच्या मार्चात ही गोष्ट घडते, त्याच सालच्या जूनमध्ये बालगंधर्व जन्माला आले आणि पुढं त्यांनी लुगडं असं नेसून दाखवलं, की घरोघरच्या बायकांनी त्यांच्याकडून शिकावं. बालगंधर्व पाहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला नुसतं सांगितलं असतं, की बाई नाटकातली आहे, तर तो म्हणाला असता, ‘मग वेषांतराचं तेवढं सांभाळा हो.’ होम्सला ते सुचलं नाही. वेषांतर हे आपलंच खातं, अशी त्याची समजूत. माहिती फाइलमध्ये होती, फाइल हातात होती, वाचूनही झाली होती. कचेरीत याहून निराळं काय होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी होम्स बेकार मोतद्दाराचा वेष घेऊन तिच्या घराजवळच्या तबेल्यात गेला. घोडे खरारले, त्याबद्दल दोन पेन्स, एक पेला बिअर आणि दोन चिलमा तंबाखू मिळाली आणि बाईची सगळी हकिगतही मिळाली. गॉडफ्री नॉर्टन नावाचा एक वकील तिच्याकडे रोज येतो. एवढ्यात तो वकीलच आला, घाईनं गेला, पाठोपाठ बाई गेली, पाठोपाठ होम्स गेला. सगळे पोहोचले ते एका चर्चमध्ये. तिथं लग्न लागायचं होतं, तीन मिनिटांत लागलं नाही तर ते कायद्यात बसणार नव्हतं आणि साक्षीदार नव्हता. नॉर्टननं कोपऱ्यात उभा असलेला हा मोतद्दार ओढून आणला आणि साक्षीला उभा केला.

आता बघा. ज्या बाईच्या विरुद्ध हजार पौंड घेतले, तिच्याच लग्नाला हे साक्षीदार. बाईनं खूश होऊन त्याला एक सॉव्हरिन, म्हणजे एक पौंडाचं सोन्याचं नाणं बक्षीस दिलं. एकाच व्यवहारात दोन्ही पक्षांकडून पैसे घेतलेले आमच्या ऑडिटरला आढळले असते तर त्यानं लाल शाईची दौत उपडी केली असती. पण होम्स काय म्हणाला? हे नाणं मी घड्याळाच्या साखळीत अडकवणार. राजाचे हजार पौंड त्यानं नेमके कुठं ठेवले ते वाचकाला सांगितलेलं नाही. तिचा एक पौंड कुठं ठेवणार ते मात्र लगेच सांगितलं. माणसाचा खरा हिशेब अशा किरकोळ खर्चाच्या पानावरच सापडतो.

संध्याकाळी मुख्य डाव. होम्स भोळा पाद्री झाला. रस्त्यावर भाडोत्री माणसांची खोटी मारामारी झाली, पाद्रीबुवा बाईंना वाचवायला मध्ये पडले आणि तोंडाला रक्त लावून आडवे झाले. बाईंनी त्यांना उचलून घरात आणवलं, कोचावर निजवलं. वॉटसननं खिडकीतून धुराचं नळकांडं आत फेकलं आणि ‘आग, आग’ अशी बोंब ठोकली. होम्सचा सिद्धान्त असा, की घराला आग लागली की बाई सगळ्यांत मोलाच्या वस्तूकडे धाव घेते. लग्न झालेली असेल तर मुलाकडे, नसेल तर दागिन्यांच्या डब्याकडे.

हा सिद्धान्त मी घरी पडताळून पाहिला.

“समज, घराला आग लागली, तर तू आधी काय करशील?”

“गॅसचं रेग्युलेटर बंद करीन.”

“नाही, म्हणजे, धावत कुणाकडे जाशील?”

“गॅसकडेच. मग तुम्हांला उठवीन.”

“आणि दागिने?”

“ते तुमच्याच बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. त्यांची काळजी तुम्ही करा.”

होम्सच्या सिद्धान्तात गॅस कुठंच नाही. तरीसुद्धा न्यायानं सांगायला हवं, की त्या संध्याकाळी सिद्धान्त बरोबर ठरला. ॲडलरबाई घंटेच्या दोरीवरच्या एका सरकत्या फळीकडे धावली, फोटो अर्धवट बाहेर काढला. होम्सनं ते पाहिलं आणि आग खोटी असल्याचं ओरडून सांगितलं. बाईनं फोटो परत ठेवला, नळकांड्याकडे एक नजर टाकली आणि खोलीबाहेर गेली.

इथं गोष्टीची खरी गंमत आहे. पहिल्या क्षणी बाई काय करील याचा नियम होम्सला पाठ होता. दुसऱ्या क्षणी ती काय करील याचा त्यानं विचारच केला नाही. आणि बाई दुसऱ्या क्षणी विचार करीत होती! धूर आहे, आग नाही. पाद्री आहे, पण त्याचे डोळे फळीवर आहेत. राजानं कुणाला नेमलंच तर तो होम्सला नेमील, असं तिला काही महिन्यांपूर्वीच कुणी सांगून ठेवलं होतं, त्याचा पत्तासुद्धा दिला होता. तिनं दोन अधिक दोन केले.

होम्सनं काय केलं? फोटो तिथंच होता, पण गाडीवान खोलीत येऊन त्याच्यावर नजर ठेवून उभा राहिला होता. घाई नको, असं होम्सनं ठरवलं. उद्या सकाळी आठला येऊ.

उद्या! वाचकहो, हा शब्द आमचा आहे. ‘उद्या या’ हे दोन शब्द आमच्या धंद्यात कुणी प्रथम उच्चारले त्याचा पुतळा उभारायला हवा. जगातल्या सर्वश्रेष्ठ गुप्तहेरानं आयुष्यात एकदा बँकेसारखं काम केलं आणि तिथंच तो बुडाला.

कारण बाईनं ‘उद्या’ म्हटलं नाही. गाडीवानाला पहाऱ्यावर ठेवून ती वर गेली, पुरुषी कपडे चढवले आणि होम्सच्या पाठोपाठ थेट बेकर स्ट्रीटला गेली. होम्स दारात उभा राहून खिशात किल्ली चाचपतोय, इतक्यात एक सडपातळ पोरगा बाजूनं जाता जाता त्याला नावानिशी ‘गुड नाईट’ म्हणून निघून गेला. होम्स रस्त्याकडे बघत राहिला. आवाज ऐकलेला वाटतो, पण कुणाचा? साडेसात पौंड वजन ओळखणाऱ्या माणसाला चार हातांवरची बाई ओळखू आली नाही. नोंदवही काढून ‘कॉन्ट्राल्टो’ हा शब्द पुन्हा वाचला असता तरी चाललं असतं.

सकाळी आठला राजा, होम्स आणि वॉटसन वरात घेऊन तिच्या घरी हजर. दारात एक म्हातारी बाई. तुम्ही येणार असं बाईसाहेब म्हणाल्याच होत्या, त्या नवऱ्याबरोबर सव्वापाचच्या गाडीनं परदेशी गेल्या. फळीच्या मागं राजाचा फोटो नव्हता. तिचा एकटीचा फोटो होता आणि होम्सच्या नावचं पत्र होतं. पत्रात आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाहीत. तुम्ही छान केलंत, पण वेषांतर आम्हांलाही येतं. महाराजांनी निश्चिंत असावं, मला आता अधिक चांगला माणूस मिळालाय. फोटो ठेवतेय तो फक्त पुढं कधी त्रास दिला तर असावा म्हणून. अशा अर्थाचं. म्हणजे तारणच! कर्ज माफ केलं, पण कागद परत दिले नाहीत. माझ्या मते बँकिंगच्या इतिहासातलं हे एक आदर्श प्रकरण आहे.

पत्र ऐकून महाराज काय म्हणाले असतील? म्हणाले, काळजी मिटली. तिचा शब्द म्हणजे शब्द. तो फोटो आता जळून गेल्यासारखाच.

ही ओळ मी मोठ्यानं वाचली तेव्हा भाजी निवडता निवडता ही थांबली.

“तिच्या शब्दावर एवढा विश्वास होता, तर मग पाच वेळा चोर कशाला पाठवले? एकदा सरळ जाऊन बोलायचं की तिच्याशी.”

“अगं, राजा तो. तो कसा जाईल?”

“म्हणजे बाईचा शब्द खरा, हे त्याला माहीत होतं. पण शब्द मागायला जायचं तर आपण केलेलं कबूल करावं लागतं. त्यापेक्षा चोर स्वस्त.”

एवढं बोलून ती पुन्हा मेथीकडे वळली. या गोष्टीवर एवढं थोडक्यात बोललेलं मी कुठं वाचलं नव्हतं. मी मुकाट्यानं पुढचं पान उलटलं.

पुढच्या पानावर महाराज आणखी एक रत्न उधळतात. काय राणी शोभली असती हो, फक्त माझ्या पातळीची नव्हती हेच वाईट! होम्स थंडपणे उत्तर देतो, की मी जेवढी पाहिली त्यावरून तिची पातळी महाराजांहून फारच निराळी दिसते. महाराज खूश. त्यांना ती आपलीच स्तुती वाटली. हे वाक्य लिहिलं गेलं त्या काळात इंग्लंडात एकाही बाईला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येत नव्हतं. १९१८ साली तिशीपुढच्या काही बायकांना ते मिळालं आणि १९२८ साली पुरुषांच्या बरोबरीनं सगळ्यांना. तेवढ्या काळात ‘पातळी’ हा शब्द किती महाराजांनी किती बायकांबद्दल वापरला असेल त्याची मोजदाद नाही. ॲडलरबाईनं त्याचं उत्तर भाषण करून दिलं नाही. सव्वापाचची गाडी पकडून दिलं.

मग महाराजांनी बोटातली पाचूची सर्पाकृती अंगठी होम्सपुढं केली. होम्स म्हणाला, याहून मोलाची वस्तू तुमच्यापाशी आहे. कोणती? तर तिचा तो एकटीचा फोटो. राजा चकित झाला, फोटो दिला, निरोपाचा हात पुढं केला. होम्सनं तो हात पाहिलाच नाही आणि वळून चालू लागला. जिन्याच्या पायऱ्या मोजणाऱ्याला राजाचा पसरलेला हात दिसला नसेल, यावर माझा विश्वास नाही.

गंमत म्हणजे पुढं महाराजांनी त्याला सोन्याची, ॲमेथिस्ट जडवलेली तपकिरीची डबीसुद्धा पाठवली. काम झालं नाही आणि गिऱ्हाईक खूश! हे मात्र आमच्या शाखेत एकदाही घडलेलं नाही.

ॲडलरबाई प्रत्यक्ष येते ती या एकाच गोष्टीत. वॉटसननं स्पष्ट लिहिलंय, की होम्सला तिच्याबद्दल प्रेमबिम वाटत नव्हतं. पण सिनेमावाले ऐकतात थोडेच! २००९ सालच्या एका इंग्रजी सिनेमात तिला अट्टल चोर करून होम्सच्या गळ्यात घातलंय. म्हणजे चोर राजानं पाठवले आणि आळ हिच्यावर. लग्न लागताना स्वतः होम्स साक्षीला होता, तरी तिचा नवरा कुणाच्या लक्षात राहिला नाही.

हिशेबाचा एक घोळ मात्र मला सतावतो. त्याच साली पुढं आलेल्या एका गोष्टीत होम्स सांगतो, की मी चार वेळा हरलो, तीनदा पुरुषांकडून आणि एकदा बाईकडून. ठीक. पण ती गोष्ट घडते १८८७ च्या सप्टेंबरात, आणि ॲडलरबाईनं त्याला हरवलं १८८८ च्या मार्चात! व्हाउचर मागाहून आणि एंट्री आधी. याला आम्ही बॅक-डेटेड एंट्री म्हणतो आणि त्याबद्दल माणसाची बदली होते. पण मला वाटतं, काही पराभव माणसाला इतके आवडतात, की ते आपल्या खात्यात आधीपासूनच जमा होते असं त्याला वाटायला लागतं.

वॉटसननं शेवटी एक गोष्ट नोंदवलीय आणि ती आम्हां विनोदी लेखकांच्या पोटावर पाय आणणारी आहे. होम्स पूर्वी बायकांच्या अकलेची टिंगल करी. या प्रकरणानंतर ती त्याच्या तोंडून ऐकू आली नाही. आता बोला! मराठी विनोदाचं निम्मं खेळतं भांडवल म्हणजे बायको, तिचं माहेर, तिची भिशी आणि तिचा साडीखरेदीचा उत्साह. दिवाळी अंकाचा फराळ याच पिठाचा. उद्या सगळ्यांनी होम्सचा कित्ता गिरवला तर आम्ही लिहायचं कशावर? होम्सचं ठीक होतं, त्याला खुनी मिळत होते.

लंडनच्या बेकर स्ट्रीटवर होम्सच्या काळी २२१ नंबर नव्हताच. पुढं रस्ता वाढला, नंबर बदलले आणि १९३२ साली त्या जागी ॲबी रोड बिल्डिंग सोसायटी या घरकर्ज देणाऱ्या संस्थेचं मोठं कार्यालय उभं राहिलं. होम्सच्या नावानं तिथं इतकी पत्रं यायला लागली, की उत्तरं द्यायला संस्थेनं एक सेक्रेटरी नेमला. अस्तित्वातच नसलेल्या खातेदाराचा पत्रव्यवहार पाहणारा कर्मचारी! आमच्या व्यवसायातली इतकी मानाची जागा मला दुसरी ठाऊक नाही.

त्या खुर्चीवर मी असतो तर आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर देताना एक टीप जोडली असती. होम्स अखेरीस मधमाश्या पाळायला ससेक्सला गेला, तेव्हा घड्याळाच्या साखळीतलं नाणं आणि तो फोटो त्यानं बरोबर नेला असणार, याबद्दल माझी खात्री आहे. राजानं नीट वागावं म्हणून त्याचं तारण बाईनं आपल्याजवळ ठेवलं. होम्सनं नीट वागावं म्हणून त्याचं तारण मात्र तिला नेऊन ठेवावं लागलं नाही. ते त्यानं स्वतः मागून घेतलं आणि स्वतःच्याच टेबलाच्या खणात जपलं. आमच्या लेजरमध्ये अशा खात्याला रकाना नाही. घरोघरी तो असायला हवा, असं मला हल्ली वाटतं. आमच्या घरी तो आहे की नाही, ते ही सांगील. पायऱ्या तिनंच मोजल्यात.